कुबल बाई आणि उजवा कौल

कुबल बाई कॉम्प्युटरशी सतत बोलत. "मेल्या, जरा थांब मरे," "अरे, माका वाचूक तरी दी," असे त्यांचे चाललेले असे, आणि त्याने ऐकले नाही की त्या माझ्याकडे वळून विचारत, "बाबल्या, ह्यो बहिरो आसा की आगाव?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नसे. सायबर कॅफेचा मालक मी असलो तरी माझे सारे ज्ञान 'बंद करून परत चालू करणे' एवढ्यात संपत असे. ते मात्र मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने करीत असे, त्यामुळे मसुऱ्यापासून आमच्या तिठ्यापर्यंत माझी तज्ज्ञ म्हणून थोडीफार ख्याती होती. वडिलांचे कोकम सोड्याचे दुकान होते, तिथेच मी तीन कॉम्प्युटर मांडले होते. पाटी रंगवणाऱ्याने कॉम्प्युटर कधी पाहिलेला नसल्यामुळे त्याने पाटीवर अँटेनावाला टीव्ही काढला होता. गिऱ्हाईक येई ते निकाल बघायला, मुंबईच्या भावाला ई-मेल करायला, नाहीतर भारनियमनात घरचा पंखा बंद पडला म्हणून. पंखा माझाही बंदच असे, पण दुकानात बसून उकडले तर ते कामात धरले जाते.

या दुकानात कुबल बाई पहिल्यांदा शिरल्या त्या छत्रीसकट. छत्री त्यांच्याकडे बारमाही असे. पावसाशी तिचा संबंध थोडाच. वर्गातून पळणाऱ्या पोराच्या सदऱ्याच्या कॉलरात मूठ अडकवून त्याला अलगद परत ओढायला ती लागे. त्या मुठीची माझ्या मानेला चांगली ओळख होती, कारण बाई नोकरीत नव्या असताना मी त्यांच्या चौथीत होतो. भागाकारात बाकी उरलेली मला आवडत नसे. वाईट दिसते म्हणून मी ती कुठेतरी वाटून टाकत असे. बाईंनी माझी पाटी हेडमास्तरांना नेऊन दाखवली होती. म्हणाल्या होत्या, "बघा, ह्या झिलाच्या भागाकारात कोणावर अन्याय नाय."

बाई किनाऱ्यावरच्या वाडीतल्या. त्यांची आई डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची, आणि बाईंचा आवाज थेट तिकडून आलेला. तो पहिल्या बाकासाठी आणि शेवटच्या बाकासाठी एकच असे. कोणी म्हणाले, "बाई, या वयात उभ्याने शिकवता, पाय दुखत नाहीत?" की त्या म्हणत, "माझी आवस पाटी घेवन चार गाव फिरा. माका फळ्यासमोर उभ्या ऱ्हवाक काय झाला?" चहा बशीतच घेत, आणि बशी हाताला येईल तिथे ठेवत. माझ्या कॅफेत हाताला यायचा तो कीबोर्ड. आणि पोर उत्तर देताना अडखळले की त्यांचे ठरलेले वाक्य असे : "घाय कोणाक आसा? बोट काय सुटणा नाय."

त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे तळहात धरला. तळहातावर पेनाने काहीतरी इंग्रजी लिहिलेले होते.

"तालुक्याक शिबिराक गेललंय. थयल्या एका तरण्या मास्तरान सांगल्यान, ह्या नावाची साइट आसा. परदेशातली. पोरां तेच्यार गणितां करतत, तीच तपासता, तीच शाबासकी देता. फुकट. लाव बगया."

शिबिरातून येताना एसटीचा दांडा धरल्यामुळे निम्मे नाव घामात गेले होते. उरलेल्या निम्म्यावरून आम्ही शोध सुरू केला. आधी सुतारकामाची हत्यारे विकणारी एक साइट आली, मग कुठल्याशा देशातले हॉटेल आले. बाईंनी ते हॉटेल सावकाश पाहून घेतले, चांगले आहे म्हणाल्या. शेवटी एकदाची ती साइट उघडली. वर गणित, खाली दोन चौकटी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्हींत एकेक उत्तर. बरोबर चौकटीवर क्लिक केले की तारा उडायचा, चुकले की बेडूक दाबल्यासारखा आवाज यायचा. कोपऱ्यात वाळूचे घड्याळ गळत असे; वाळू संपल्यावर उत्तर दिले तर तारा उडत नसे, एवढेच.

"ह्यां बरां आसा," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकाच ठेवून, म्हणाल्या, "तुझ्या चेडवासाठी बगतंय रे. मी शिकवून दमलंय."

माझी मुलगी तन्वी त्या वर्षी बाईंच्याच वर्गात, चौथीत होती. दिवाळीआधी शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी तिला उभे करून एक साधा गुणाकार विचारला, आणि तिची वाचा बसली. साहेबांनी विचारले, "घरी गणित कोण घेतं?" ती म्हणाली, "बाबा." वर्ग हसला. बाबांचे गणित गावाला माहीत होते. साहेब निघून गेले, पण तन्वीची वाचा काही परत आली नाही. गाणी म्हणे, भांडे, मांजरीला रागे भरे. आकडा समोर आला की ओठ मिटून घ्यायची. पुढेपुढे तर शाळेच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि पोटाला काही झालेले नाही म्हणाले. ते आम्हालाही दिसत होते, कारण दहा वाजून गेले की ती उठून पेज जेवत असे. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती घरी राहू लागली. बायको माझ्याकडे बघे, मी मांजरीकडे बघे. पोरीची शाळाच सुटणार, ही भीती आम्ही दोघेही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई वर्गातल्या मुलांना पाळीपाळीने कॅफेत आणू लागल्या. पहिली अडचण आकड्यांची. आमची मुले मराठी शाळेतली, साइट इंग्रजी आकड्यांची. इंग्रजी नवाला आमची निम्मी पोरे एक म्हणत. बाईंनी पुठ्ठ्यावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी काढून तो माझ्या भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरावर, खिळ्याला टांगला. देव मागे गेले, त्याबद्दल माझ्या आयेने दोन दिवस बाईंचे नाव घेतले नाही.

आयेचे, म्हणजे माझ्या आईचे, स्वतःचे उपाय चालू होते. पोरीला कोणाची तरी नजर लागली आहे यावर ती ठाम होती. तन्वी पहिल्यांदा साइटवर बसायची होती त्याच्या आदल्या दिवशी आये तिला देवळात घेऊन गेली आणि भिवा गुरवाला कौल लावायला सांगितले. आमच्याकडे मुलीचे लग्न असो की विहिरीची जागा, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे श्वास धरून बघतात. उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. तन्वीची उजवी पडली. आये डोळे पुसत तिला म्हणाली, "बगलंस? उजवो कौल. देव तुझ्या वांगडा, सोबतीक आसा. आता भियाचा नाय."

आणि खरेच, दुसऱ्या दिवशी तन्वी कॉम्प्युटरसमोर बसली ती न घाबरता. पटापट क्लिक करू लागली. तारे उडत होते, बेडूक ओरडत होता, पण ती थांबत नव्हती. शेवटी निम्मी उत्तरे बरोबर आली. मी आनंदाने घरी फोन केला. निम्मी म्हणजे आमच्या घराण्याच्या मानाने फारच झाले.

पुढच्या शनिवारी निम्मी. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा निम्मीच. तन्वीच्या मैत्रिणींचीही तीच गत. पाढे बदलले, बेरजेच्या जागी वजाबाकी आली, तरी निम्म्याला धक्का नाही.

"बाबल्या, ह्यां काय?" बाईंनी विचारले.

"मशीनचा प्रॉब्लेम असणार, बाई," मी म्हणालो आणि कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. मग माऊस बदलला. मग बाईंना बरे वाटावे म्हणून मागच्या वायरी काढून परत त्याच जागी घातल्या.

बाईंनी माझ्या या शास्त्राकडे दुर्लक्ष केले. स्टूल ओढून त्या तन्वीच्या शेजारी बसल्या, बशी कीबोर्डवर ठेवली आणि पडद्याकडे बघायचे सोडून पोरीच्या तोंडाकडे बघू लागल्या. पडद्यावर सात पंचे आले. डावीकडे पस्तीस, उजवीकडे बेचाळीस. तन्वीचे ओठ किंचित हलले. हात उजवीकडे गेला. बेडूक ओरडला.

"थांब गो. तोंडातल्या तोंडात काय म्हणालंस?"

तन्वीने ओठ मिटून घेतले.

"मी ऐकलंय. परत म्हण."

"पस्तीस."

"मगे हात खंय गेलो?"

"उजवीकडे."

"कित्याक?"

तन्वीने बाईंकडे असे पाहिले, की एवढे कसे यांना कळत नाही. "देव उजवो कौल देता. आजयेन सांगल्यान, देव वांगडा आसा, भियाचा नाय."

मी स्टुलाच्या मागे उभा होतो. बाई हसतील असे मला वाटले, मी हसायच्या तयारीतही होतो. पण बाई हसल्या नाहीत. बाकीच्या पोरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी कोण-कोण उजव्यार दाबतास?" मग एक हात वर झाला, मग बरेच झाले. गणिताला घाबरणाऱ्या सगळ्यांना तन्वीने ही युक्ती सांगितली होती, आणि सगळ्यांचीच भीती गेली होती. गणित तेवढे गेले होते.

घरी आये म्हणाली, "मी काय खोटा सांगलंय? तिका सांगा आता, देव वांगडा नाय म्हणान!" बाईंनी पोरांना नुसते 'असे करू नका' म्हटले असते तर पोरांनी बाईंचे ऐकले असते की देवाचे, हे सांगायला गुरव लागत नव्हता. पण बाईंनी गुरवालाच आणले.

पुढच्या शनिवारी भिवा गुरव खांद्यावर पंचा टाकून माझ्या कॅफेच्या दारात उभा. आत यायला संकोचत होता, कारण आत गारठा असतो असे त्याने ऐकले होते. गारठा वगैरे काही नाही हे पाहून तो जरासा निराश झाला. बाईंनी त्याला तिन्ही मशिनी दाखवल्या, चौकटी दाखवल्या. त्याने सगळे नीट पाहिले आणि तन्वीला जवळ बोलावले.

"गो बाय, देवाक कौल कधी लावतंव? माणसाची मती खुंटता तेव्हा. सात पंचाक खंयची मती खुंटता?"

तन्वी म्हणाली, "माझी खुंटता."

गुरवाने बाईंकडे पाहिले. दिवाळीपासून त्या पोरीने स्वतःबद्दल सांगितलेले हे पहिले वाक्य होते. बाईंनी एकदम डोळ्यांना पदर लावला आणि मग पदराने नाक पुसून तो सर्दीचा केला. "आधी तू गाऱ्हाणा घाल," त्या गुरवाला म्हणाल्या, "मगे मी बगतंय."

गुरव उभा राहिला, हात जोडले आणि देवळात घालतो त्याच आवाजात सुरू झाला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरे ओरडली. ते त्यांना शिकवावे लागत नाही.

"आज ह्या तिठ्यार, ह्या बाबल्याच्या दुकानात, ही जी काय लहान लेकरां जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंनी तुका पाढे इचारून इचारून जो काय तरास दिलो असात, तो पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जां उत्तर तेंच्या डोक्यात आसा, तेचो कौल तेंच्याकडेच सोपव. डावा खरा असात तर डावा, उजवा खरा असात तर उजवा, जां काय असात तां तेंच्याच हातान करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात माझाही आवाज होता, आणि समोरच्या पानवाल्याचाही.

गुरव चहा पिऊन गेला. तन्वी खुर्चीवर बसली. आता देवाने काम तिच्याच अंगावर टाकले होते. पडद्यावर गणित आले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, तिचा हात मध्येच लोंबत राहिला.

"मती खुंटली?" बाईंनी विचारले.

तिने मान हलवली.

"खुंटली तर थांबाक व्हया. घाय कोणाक आसा?"

तन्वीने बोट दाखवले. कोपऱ्यातल्या वाळूच्या घड्याळाकडे.

बाई त्या घड्याळाकडे बघतच राहिल्या. रोज पोरांना सांगत होत्या की बोट सुटणार नाही, आणि स्वतःच पोरांना सुटणाऱ्या बोटीसमोर आणून बसवले होते. त्यांनी पर्स उघडली. खडूचे तुकडे, सुपारी, हातरुमाल बाजूला करत जखमेवर लावायची पट्टी शोधून काढली, तिचा कागद सोलला आणि माझ्या नव्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर घड्याळ झाकून चिकटवली.

"बाई, स्क्रीन!" मी म्हणालो.

"स्क्रीनीक काय होणा नाय. जखम भरतली तेव्हा काढतलंय."

त्या दिवशी तन्वीने अगदी थोडी गणिते केली. एकेका गणितापुढे ती एवढा वेळ बसे की मागच्या पोरांनी दरम्यान बाहेर जाऊन आवळे खाल्ले. पण तिने दाबलेल्या चौकटी कधी डाव्या होत्या, कधी उजव्या, आणि बेडूक फारसा ओरडला नाही. पुढच्या शनिवारी ती पडद्याशी मोठ्याने बोलू लागली, थेट बाईंसारखी. "मेल्या, थांब, सांगतंय मा!"

मग एका सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. आतून पोटदुखीची बातमी यायची वेळ झाली होती. आली नाही. मी अर्धी दाढी तशीच ठेवून स्वयंपाकघरात डोकावलो. तन्वी पाटावर बसून घावणे खात होती आणि आईला सांगत होती, की आज बाई तोंडी पाढे घेणार आहेत, लवकर वाढ. बायकोने तव्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि यावेळी मी मांजरीकडे पाहिले नाही. तन्वी दप्तर घेऊन गेली. आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो. तव्यावरचा घावणा करपला तो आम्ही दोघांनी वाटून खाल्ला, आणि इतका चांगला घावणा मी आजवर खाल्लेला नाही. दुपारी तिने घरी येऊन सांगितले की वर्गात उभे राहून तिने बाराचा पाढा म्हटला, फक्त एकदा थांबली, आणि कोणी हसले नाही.

मॉनिटरवरची पट्टी बाईंनी काढली नाही. परीक्षेच्या आसपास तन्वीनेच एक दिवस नखाने सोलून काढली. डिंकाचा चौकोन राहिला तो राहिलाच.

त्याच सुमारास बाईंनी एक चूक केली. दोन मशिनींवर शेजारी-शेजारी बसून, घड्याळ लावून, त्यांनी तन्वीला आव्हान दिले. पोरे खुर्च्यांवर चढली. पानवाला पान लावायचे सोडून आला. आये देवाच्या कॅलेंडराखाली येऊन बसली, कौलाच्या त्या प्रकरणापासून बाईंशी बोलत नसूनही. बाई सुरुवातीला ऐटीत होत्या. पण घाई कधी केलेली नसल्यामुळे त्यांना ती जमेना. उत्तर त्यांना कधीच आलेले असे. माऊस नेऊन पोचवेपर्यंत वाळू संपे. तन्वी जिंकली. कितीने ते विचारू नका, पोरे अजून सांगतात.

मोठी माणसे मुलांना मुद्दाम जिंकू देतात तेव्हा फार गोड हसतात. बाई हसत नव्हत्या. त्यांचे तोंड चांगलेच उतरले होते.

"ह्यो माऊस सरकणा नाय. बाबल्या, तिचो माऊस माका दी."

मी दिला. बाई परत हरल्या.

"खुर्ची हलता."

खुर्ची बदलली. पुन्हा हरल्या. मग छत्री उचलून, "साइट बरी नाय," असे म्हणत तरातरा एसटीकडे निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

बायको म्हणाली, "बाईंना राग आला का हो?" आला होता, खराच आला होता. आणि त्या रागाने मला जेवढे हायसे वाटले तेवढे शाळेच्या प्रगतिपुस्तकाने कधी वाटले नाही. पोरीला सांभाळून घ्यायची गरज उरलेली नव्हती. तिच्यावर आता मनापासून चिडता येत होते. पुढचे काही शनिवार बाई मुले यायच्या आधी येऊन, पाठ फिरवून, एकट्याच सराव करत बसत. बेडूक ओरडला की मी मुद्दाम रेडिओ मोठा करीत असे.

तन्वी सहावीत गेली त्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. मुलाकडे राहायला घाटावर निघाल्या. तळेऱ्यावरून वर जाणारी गाडी आमच्या तिठ्यावर थांबे, म्हणून सामान माझ्या दुकानात आणून ठेवले होते. बाई खिडकीची जागा धरून बसल्या, मला म्हणाल्या, "बाबल्या, बाकी वाटून टाकू नको हां," आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. तन्वी खिडकीखाली उभी होती. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि यावेळी तो सर्दीचा केला नाही.

गाडी सुटली. तन्वी चार पावले पळाली आणि ओरडली, "बाई! सतरा चोक?"

गाडीच्या आवाजात बाईंचे उत्तर ऐकू आले नाही. त्यांचा आवाज न पोचलेला मी तो एकदाच पाहिला. मग खिडकीतून दोन हात बाहेर आले. आधी सहा बोटे, मग मुठी मिटल्या, मग आठ बोटे.

"बरोबर!" तन्वी ओरडली.

वाहक आतून म्हणत होता, "ओ बाई, हात आत घ्या!" पण ती आठ बोटे गाडी वळेपर्यंत बाहेरच होती.